भेट आलेली काळी घार

३ जून, इंदापूर
दुपारी दवाखाना बंद करून पेशंटच्या खुर्चीतच बसले. तिथं नेट चांगलं येतं. मोबाइलवरच्या गेममध्ये परत गस्त. मालाची गलबतं सांभाळून पलीकडच्या बंदरात सोडायची, नशीब असेल तर नकाशाचा एक तुकडा मिळतो. तुकडे पुरे झाले की काळी घार बांधता येते. गेममधलं सगळ्यांत वेगवान जहाज. दिवाळीपासून जमवतेय, आता थोडेच राहिलेत.

येताना एकानं बुडवलं. त्याचीही काळी घारच, पण सोनेरी शिडाची, म्हणजे पैसे भरून घेतलेली. कमावलेलीचं शीड काळं असतं. माझं गलबत तळाला गेल्यावर वर लिहितो, 'गरीब'. चारच्या पेशंटच्या दाढेला हात लावण्याआधी बाहेर जाऊन उभी राहिले.

५ जून
आबांना सांगितलं. आमच्या ताफ्याचे कप्तान, रिटायर्ड मुख्याध्यापक. गेममध्ये कोण कुठला कळत नाही, पण हेडफोनमधून पहिल्यांदा 'हितं या की, तितं काय करताय' ऐकलं आणि ओळखलं, आपल्याकडचे. निघाले शेळगावचे. अजून तोंड बघितलेलं नाही.

ताफ्याचा सगळ्यांत पक्का नियम, त्यांनीच केलेला. ज्याच्याकडं विकतचं जहाज, तो बाहेर. मला म्हणाले, "त्यानं पैसं टाकलं, तुमी दुपारी टाकल्या. आपलं जहाज येऊ द्या, मग बघू त्याच्याकडं."

एवढ्यानं बरं वाटलं. बाहेर ॲडमिशनला दादा, दवाखान्याला दादा. पाटीवर नाव माझं, तरी माणसं विचारत येतात, 'ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांच्या बहिणीचा दवाखाना ह्योच का?' ताफ्यात कुणाला माहीत नाही मी कुणाची बहीण ते.

८ जून
दादा बारामतीहून आला, दुपारीच. मी गस्तीवर. मागं उभा राहून बघत बसला.
"कसलं एवढं?"
सांगितलं. उत्साहात जरा जास्तच सांगितलं.
"विकत नाही का मिळत हे?"
"मिळतं."
"मग?"
मी म्हटलं, मग काही नाही. तो हसला. गेममधलं माझं नाव काय, विचारलं. वाटलं, सहज विचारतोय.

११ जून
वाढदिवस. गेम उघडला तर बंदरात काळी घार उभी. सोनेरी शीड, पुढं नाळेच्या टोकाला लाल फीत. सोबत दादाचा निरोप, 'हॅपी बर्थडे. आता दुपारची झोपत जा.'

तुकडे गेले. जहाज मिळालं म्हणून आपोआप मोडले, त्यांची नाणी झाली. त्या नाण्यांत एक झेंडा येतो म्हणे.

फोन केला. शोरूममध्ये होता, मागं गिऱ्हाईक. "आवडलं का?" मी फोन ठेवून दिला. त्यानं नंतर अंगठा पाठवला.

१२ जून
ताफ्यात सगळ्यांना दिसलंच. शीड लपत नाही.
आबा : "इकत घेतलंत व्हय?"
भावानं भेट दिली म्हटलं. आबाच म्हणाले,
"खोटं न्हाय बोलत तुमी, म्हाईत हाय मला. पर उद्या दुसरा बी म्हणंल भावानं दिलं. मग?"
मी म्हटलं, काढा मला. काढतील असं खरंच वाटलं नव्हतं.
काढलं.

१४ जून
गेमच्या कंपनीला मेल केला होता. उत्तर : भेट परत करता येत नाही. जहाज मोडलं तरी त्या नावावर ते पुन्हा बांधता येणार नाही. शेवटी 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी आहोत.' कसला आनंद.

नवीन नाव घेऊन होडीपासून सुरुवात करायची, एवढाच रस्ता. म्हणजे परत दिवाळी ते

नको आज.

१६ जून
बारामतीला गेले. जेवायच्या ताटावरच भांडण.
"एका गेमसाठी तू माझ्याशी पाच दिवस बोलत नाहीस?"
"मी मिळवत होते दादा. झालंच होतं."
"मग मिळालं की."
"ताफ्यातून काढलं मला, कारण ते तू दिलंस."
"त्यात काय वाईट गं? दवाखाना घेऊन दिला तेव्हा नाही नाक मुरडलंस."

वहिनी म्हणाली, "अहो, पुरे." त्यालाही कळलं, काय बोलून गेला ते. पण मागं घेतलं नाही. मी हात धुतले आणि निघाले. भवानीनगरपर्यंत गाडी चालवताना मनात उत्तरं देत होते. एकही धड नव्हतं, कारण दवाखाना घेतला तेव्हा मी खरंच काही बोलले नव्हते. पेढे वाटले होते.

१८ जून
घार बाहेर काढली. एकदाच, म्हटलं बघू तरी.
वाऱ्यासारखी जाते. तो 'गरीब'वाला दिसला. बुडवला. पहिल्या फेरीतच.
मजा आली. हेच जास्त लागलं. ज्या जहाजाचा संताप येतो, तेच हातात असं मऊ वळतं, आणि मी एकटी खोलीत हसतेय.

२२ जून
गस्तीवर ताफा दिसला लांबून. त्यांच्यात एक नवीन होडी. सगळ्यांत शेवटी, वेडीवाकडी चाललेली, सारखी खडकावर आपटणारी. नाव वाचलं. बारामती ट्रॅक्टर.

आबांना निरोप टाकला, हा कोण?
त्यांनी फोनच केला. "तुमचा भाऊ. चार दिस झालं मागं लागलाय, बहिणीला परत घ्या म्हणून. म्या म्हणलं, ताफ्यातल्या माणसाशिवाय कुणाचं ऐकत न्हाय. तर आला. एक पैसा टाकला न्हाय हां, म्या बघतोय. मोठं जहाज बांधायला लाकडं तोडतोय दुपारभर."

दुपारभर. शोरूममध्ये बसून.

म्हणजे मी बाहेर आणि दादा आत. नियमानं बरोबर. इतकी चिडले की फोन पालथा ठेवून आतून दवाखान्याचं दार लावलं.

२३ जून
दादाचा निरोप, सकाळीच : 'आबा म्हणतात नव्या माणसाला मत नाही. गेममध्ये पाचवी पायरी गाठली की मत मिळतं. मग तुझ्यासाठी मांडतो. हे लाकूड फार वेळ खातं गं.'

परत माझ्यासाठी. आताही त्यानंच मिळवून द्यायचं आणि मी घ्यायचं.
'करू नकोस' लिहिलं. पुसलं. 'उत्तरेच्या बेटावर लाकूड लवकर मिळतं' लिहिलं. तेही पुसलं.

बाहेर पेशंट आलाय. दादा ऑनलाइन दिसतोय.