पान बासष्टचा तुकडा

ता. ३, सोमवार
सामान आलं. ट्रंक एक, वळकटी एक, शिवणाची टोपली, देवाची तसबीर, काच शाबूत. हमालाने सहा मागितले, साडेचारांवर तुटलं. खोली झकास आहे. समोरच अनाथालयाचं फाटक, म्हणजे जाण्यायेण्याला दमडी लागायची नाही. जुन्या वहीची कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवरच हे लिहिते आहे.

मोठ्या बाईंनी माझं अक्षर बघून लगेच कामावर घेतलं. जीर्ण नोंदवह्या नव्या वह्यांत उतरवायच्या. मूलबाळ विचारलं, तर एक लेक, लग्न झालेली, एवढंच बोलले. तिला याच फाटकातून घरी नेलं हे गिळलं. देवा, एवढं पोटात घाल.

ता. ४, मंगळवार
इथली जुनी रीत कळली. मूल सोडून जाताना आई अंगावरच्या वस्त्राचा तुकडा फाडून द्यायची. तो मुलाच्या पानाला टाचायचा, बाकीचं वस्त्र तिच्यापाशी. पुढे कुणी कुणाला शोधत आलं की फाटलेल्या कडा जुळवून बघायच्या. जुळल्या तरच नाव-पत्ता सांगायचा. शिपाईमामा म्हणाले, माणूस खोटं बोलेल, फाटकं कापड बोलणार नाही. मी विचारलं, मग तुमच्या कोटाची फाटकी बाही काय म्हणते? म्हणाले, म्हणते की घरात सुई नाही. पोट धरून हसलो दोघं.

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. एवढ्या उन्हात निळ्या चौकडीची शाल गच्च लपेटून. शालीला एक कोपरा नव्हता.

ता. ६, गुरुवार
ती बाई आजही होती. मान वर करत नाही.

आमच्या नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन महिन्यांपूर्वी बबडीला सातवा महिना लागला आणि हिने सांगून टाकलं, तू पोटची नव्हेस. माझी लेक रडली नाही. म्हणाली, बाळंतपण उरकलं की तिथे अर्ज करीन. जन्म दिला तिला एकदा बघू दे. म्हणून तिच्याआधी मी आले. रात्र रात्र तापात उशाशी बसून मी आई झाले. आता ती दुसरी सापडली तर मी कोण?

ता. १०, सोमवार
पान बासष्ट. बबडीचंच, घरी नेल्याची तारीख तीच. मुलगी, दहा दिवसांची. आईचं नाव. टाचणीखाली तुकडा: निळी चौकडी.

म्हणजे बाकावरची तीच. चोवीस वर्षं झाली, अजून येते.

तुकडा काढून कमरेला खोचला. तुकडाच नाही तर जुळवणार काय? जाळायला मात्र हात धजेना. एका आईचं कापड, शिवाय अजून टिकाऊ. बबडीच्या बाळासाठी गोधडी शिवते आहे, तिच्या अस्तराखाली चारी बाजूंनी दुहेरी टाका घालून बसवला. कुणाला दिसायचा नाही.

ता. ११, मंगळवार
गोधडी पार्सलने रवाना. दुपारी बाक रिकामा. जीव भांड्यात पडला. देवाला साखर ठेवली.

ता. १२, बुधवार
पान बासष्ट उतरवताना उलटलं. मागे लाल शाईत नोंद:
मुलगी दिली गेली हे सांगूनही आई रोज दुपारी येऊन बाकावर बसे. तिथेच वारली.
तेवीस वर्षांपूर्वीची तारीख.

मामांना विचारलं, गेल्या आठवड्यात बाकावर कोण बसायचं. म्हणाले, चष्मा बदला बाई, तिथे कुणी बसत नाही.

मग इथून उठून ती गेली कुठे—

ता. १९, बुधवार
बबडीचं पत्र. गोधडी पोचली, फार उबदार आहे म्हणते. आणि आई, तू मदतीला पाठवलेली बाई त्याच दिवशी आली. गरीब आहे बिचारी, बोलत नाही. दुपारभर उंबऱ्याशी बसून गोधडीवर एकाच जागी हात फिरवते. काल तिने अस्तर उसवलं. म्हणाली, जुळला. आता माझं मूल घेऊन जाते. बबडीला त्याचं हसूच आलं.

मी कुणाला पाठवलं नाही.
कुणालाही नाही.

ता. २०
बबडी, हे पान फाडून तुलाच पाठवते. तिला आत घेऊ नकोस. गोधडी देऊन टाक— नको, देऊ नकोस— तुकडा तिचाच, मी चोरला. ती तुझी आई आहे गं. लिहिलं एकदाचं. तिला म्हण, वाढवणारी पाया पडते. तुकडा ने. पोर सोड—

दुपार झाली. बाकावर—
आली. शाल आज पुरी आहे. कोपरा शिवलेला. दुहेरी टाका, माझाच.

मांडीवर गोधडी. गोधडीत काहीतरी हलतंय—

तुला बाळंतपणाला अजून वीस दिवस होते ना गं? उलट टपाली कळव. दोन ओळी पुरेत. एवढंच लिही, की बाळ तुझ्यापाशी—