हिंटरमूरचा हिरा आणि मी

रविवार, २ मार्च
आमच्या फुटबॉल क्लबचे डायरेक्टर म्हणाले, पुढच्या हंगामात एकच विभाग परवडेल: अकादमी नाहीतर स्काउटिंग. एप्रिलअखेर एक तरी खेळाडू आणून दाखवा. स्काउटिंग विभाग म्हणजे मी एकटा. अकादमी म्हणजे वीब्के ओनेनबाई, नव्वद पोरं आणि एक आहारतज्ज्ञ. पेरा, पाणी घाला, दहा वर्षं वाट बघा. शेतीच ती! मी पिकलेलं फळ तोडून आणणारा माणूस. हे सगळं गेझीनला ऐकवलं. बायकोच ती, म्हणाली, बाहेर जाताय तर कचरा घेऊन जा.

रविवार, ९ मार्च
सापडला! हिंटरमूर, समुद्रकाठचं गाव, अगदी खालची लीग, मैदानाला लागून गाई. फोको उबेन. धंदा छपरं शाकारण्याचा, पण आज चार गोल. मी गुप्तपणे, दुर्बीण घेऊन, पक्षीनिरीक्षक म्हणून गेलो होतो. क्लबचे अध्यक्ष पोपिंगाकाका म्हणाले, पक्षी बघा की खुशाल, पण उभेच आहात तर हा लाइनमनचा झेंडा धरा. धरला. सोंग झकास वठलं.

रविवार, १६ मार्च
फोकोचे पाच गोल. मी सॉसेज भाजले. काका म्हणाले, बाहेरच्या माणसाला विमा नाही, भाजलंबिजलं तर निस्तरायचं कोणी? सभासद व्हा. झालो. संशय नको. फोकोला गाठता आलं नाही. मॅचआधी आणि मॅचनंतर तो सात वर्षांखालच्या पोरांत असतो. पोरं त्याच्या अंगाखांद्यावर. एवढी प्रतिभा, आणि वेळ असा मातीत!

रविवार, ३० मार्च
आज चहाच्या तिसऱ्या कपाला खरी ओळख सांगून टाकली. कोणी कप खाली ठेवला नाही. काका म्हणाले, अहो, पहिल्याच दिवशी कळलं. पक्षी बघणारे समुद्राकडे तोंड करून उभे राहतात, तुम्ही गोलपोस्टकडे. तरी तीन आठवडे निभावलं, हे काय थोडं? फोको यायला तयार आहे. पण म्हणतो, माझी पोरं कोणीतरी सांभाळली पाहिजेत. क्षुल्लक अडचण.

रविवार, ६ एप्रिल
खात्री करायला डायरेक्टरांनी नेमक्या ओनेनबाईंना पाठवलं. बाई तासभर आधीच हजर. तेव्हा एक पोर रुसून गोलच्या जाळीत गुंडाळून बसलं होतं. फोको त्याच्या शेजारी जाऊन, स्वतःला जाळीत गुंडाळून बसला. पाच मिनिटांत दोघं हसत बाहेर. बाई बघतच राहिल्या. पुढे मॅचमध्ये फोकोने सहा गोल मारले, पण बाईंनी एकालाही टाळी वाजवली नाही. पोरांशीच गप्पा. मत्सर! बघवेना बिचारीला.

शुक्रवार, ११ एप्रिल
हिंटरमूर क्लबची वार्षिक सभा. काकांनी विचारलं, पोरांचा ट्रेनर कोण होतंय? सगळे आपापल्या कपातली साखर न्याहाळू लागले. मी हात वर केला. एकमताने निवड, टाळ्या, मुदत दोन वर्षं. नावापुरतंच आहे. फोको मोकळा झाला!

सोमवार, १४ एप्रिल
विजय! फोकोने आमच्या क्लबशी करार केला. डायरेक्टरांनी पाठ थोपटली. म्हणाले, माणूस पारखावा तर तुम्हीच.
करार अकादमीशी आहे. लहान मुलांचा ट्रेनर म्हणून. बाईंचं मत असं की, खेळाडू म्हणून तो बेताचाच, समोरचा गोलकीपर दिव्य होता; पण पोरांना असा माणूस शोधून मिळत नाही. स्काउटिंग विभाग महिनाअखेर बंद.
म्हणजे अकादमीचा सर्वांत चांगला माणूस स्काउटने आणला. तत्त्वतः मीच जिंकलो. गेझीनला हे समजावून सांगितलं. ती हसली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शनिवार, २६ एप्रिल
पहिलं ट्रेनिंग. पासिंगच्या तत्त्वज्ञानावर भाषण तयार केलं होतं. दुसऱ्या वाक्याला चौघं गाई बघायला गेली. उरलेला वेळ बुटांच्या नाड्या बांधण्यात गेला. शेवटी एका दात पडलेल्या मुलीने विचारलं, फोकोदादा कधी येणार? सांगितलं, तो आता मोठ्या क्लबात असतो, तिथे फक्त उत्तम माणसं घेतात. ती म्हणाली, मग आपण सगळेच जाऊ या ना तिकडे.
एकेकाला नीट निरखून पाहिलं. अनुभवी नजर आहे माझी. यांच्यातलं कोणीही तिकडे जाणार नाही. मीसुद्धा.