मनोहर राजारामोविच यांच्या दगडाविषयी

मी, कांता मनोहर रामटेके, वय बासष्ट, राहणार नोव्हाय, मिशिगन, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी मागे लागलेलं नसताना, माझ्यामागे काय कुणाचं ते लिहून ठेवते. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं. इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. मनातलं मात्र या प्रतीत आहे.

१. घर माझी मुलं अनुप आणि पायल यांना निम्मं निम्मं. विकायचं तर खुशाल विका. तुमचे बाबा गेल्यापासून त्यांच्या बाजूचा दिवा मी रोज लावते आणि रोज मालवते. ते काम मी कुणावर टाकत नाही.

२. बँकेतल्या पैशांतून माझं दहन करावं. उरेल ते नागपूरला मुलींच्या वसतिगृहाला. बाबांची हत्यारं अनुपला. त्याला ती वापरता येत नाहीत, पण निदान पुसून ठेवावीत.

३. रशियन पुस्तकं पायलला. भिलाईच्या कारखान्यानं बाबांना रशियात शिकायला पाठवलं, तेव्हाची ती आहेत. मी सातवी पास. बाबा शिफ्टला गेले की मी शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत बसे, तशीच वाचायला शिकले. आता पायल युनिव्हर्सिटीत तीच भाषा शिकते आणि मला सांगते, "आई, तुझं रशियन म्युझियममधलं आहे. 'कॉम्रेड' आता कोणी म्हणत नाही. 'बिझनेस', 'मॅनेजर' सगळं आत आलंय." येऊ दे. मला गंमत वाटते.

४. शुद्ध रशियन कसं बोलावं हे सांगणारा जाडजूड कोश मात्र इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या श्रीरंगरावांना. मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी माझी बोली ऐकून सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "वहिनी, मराठी कुठे शिकलात?" आज त्यांची नात "आजोबा, प्रोग्राम कॅन्सल केला" म्हणते आणि ते "ओके" म्हणतात. त्या कोशातले बरेच नियम आता मॉस्कोतही कोणी पाळत नाही. त्यांनी तो उशाशी ठेवावा. माझा राग संपला.

५. बाबांची रक्षा इथल्या दफनभूमीत आहे, तिच्यावरच्या दगडाविषयी.

माझ्या सासऱ्यांचं नाव राजाराम. गावात वरच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना "ए राज्या" म्हणत. रशियात मात्र आदरानं हाक मारायची तर माणसाच्या नावाला त्याच्या बापाचं नाव जोडतात. पहिल्याच सकाळी फोरमन म्हणाला, "या, मनोहर राजारामोविच." बाबा सांगायचे, "मी मागे वळून पाहिलं, कोण साहेब आला म्हणून." पुढे अमेरिकेत राजारामचा नुसता 'आर' झाला, मग तोही गळाला.

म्हणून दगडावर ते नाव रशियन अक्षरांत हवं, असं मी म्हटलं. अनुप म्हणाला, "मॉम, इनिशियल पुरे." पायल म्हणाली, "आई, यार, आता रशियातसुद्धा पेपरात, टीव्हीवर बापाचं नाव गाळतात. नॉर्म बदललाय!"

बदलू दे. "ए राज्या" हासुद्धा गावचा नियमच होता. तो आपल्याच लोकांनी मोडला. ज्यांना बापाचं नाव गाळायचं त्यांनी गाळावं. त्यांच्या बापांची नावं कुणी तोडली नव्हती.

तेव्हा हे कलम म्हणजे विनंती नाही, खबर आहे. दगड मागच्या आठवड्यात बसला. कोरणाऱ्याला अक्षरं मी माझ्या हातानं काढून दिली. खाली माझंही नाव आहे, माझ्या वडिलांच्या, सुदाम यांच्या नावासकट: कांता सुदामोव्ना. तारीख तेवढी तुम्ही घालायची.

परवा पायलला नेऊन दाखवलं.  मग बाबांचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं, सबंध. माझा स्कार्फ नीट केला आणि रशियनमध्ये म्हणाली, "चला, कांता सुदामोव्ना, थंडी फार आहे."

हे वाचून, समजून मी आनंदानं सही केली.

कांता मनोहर रामटेके

आमच्यादेखत सही झाली: हेमचंद्र मेश्राम, सीमा मेश्राम (शेजारी)

नोव्हाय, १९ नोव्हेंबर १९९६