एक विषय बाकी

१२ मार्च
विद्यापीठाचं पत्रक आलं! जुन्या अभ्यासक्रमाच्या नापासांना शेवटची संधी. पेपर ९ एप्रिलला, केंद्र मलकापूर.
लग्नाच्या मेळाव्यापासून मी बी.एस्सी. आहे. बायोडाटात, माहेरी, वडनेरच्या अख्ख्या गल्लीत. खरं म्हणजे पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र अजून गळ्यात आहे. सासऱ्यांनी, मामाजींनी, तर दारावर पाटीच लावली — देवानंद, बी.एस्सी. खाली सौ. मंजुश्री, बी.एस्सी. तीही ऑइलपेंटमध्ये!

१४ मार्च
फॉर्म भरला. कुणाला सांगितलं नाही. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघालीय. मामाजी रोज म्हणतात, "सर्टिफिकेट काढून ठेव बेटा." काढते की. आधी मिळू तर दे!

१७ मार्च
४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, द्रावण २५० मिली. मोलॅरिटी काढा. माझं उत्तर ०.०००४. एवढ्याने मुंगीसुद्धा दचकणार नाही! मिलीचे लिटर करायचे राहिले. खरं उत्तर ०.४. फक्त हजारपटीने चुकले.

१८ मार्च
वही ज्वारीच्या कोठीत लपवते. आज सासूबाईंना सापडलीच. एकेक अक्षर लावत वाचलं.
"मोल... मोल... कायचं मोल काढून राह्यली वं?"
"सोड्याचं, आत्याबाई."
"मंग पाकिटावर छापेल रायते ना!"
हाव, रायते. मीच येडी.

२१ मार्च
लोखंडाच्या गंजाचं समीकरण संतुलित करायला पाऊण तास! चार लोखंड, तीन ऑक्सिजन. आमच्या विहिरीवरचा पाइप कुणाला न विचारता गंजला.
संध्याकाळी देवानंदांना सहज विचारलं, "अहो, नॉर्मॅलिटी म्हंजे काय असते?" नवरा बी.एस्सी. आहे, काही तरी उपयोग व्हावा. तर चहा अर्धा टाकून उठले. "मोटर पाहून येतो." लाईट नव्हती. कसली मोटर!

२५ मार्च
ॲल्युमिनियम सल्फेट. कंस विसरले. परत विसरले.

३० मार्च
पाहुणे चार यायचे होते, आठ आले. सासूबाईंनी ताकाच्या पातेल्यात ताकाएवढंच पाणी ओतलं. वर मलाच सांगतात, "ताक तेवढंच हाये, पाणी वाढलं. चव अर्धी झाली, मीठ टाक!"
अगं बाई! आकारमान दुप्पट, संहती निम्मी! कॉलेजात वर्षभर डोक्यात न शिरलेलं हे, आणि आमच्या सासूबाई पळीने ढवळत सांगून गेल्या! आतल्या खोलीत जाऊन पाच गणितं केली. पाचही बरोबर! पाहुण्यांना ताक वाढायचं मात्र राहिलं. ओरडा खाल्ला. खुशीत खाल्ला.

५ एप्रिल
दहापैकी सात बरोबर.
आज मामाजी शाळेच्या अध्यक्षांना फोनवर सांगत होते, "सून माही पक्की बी.एस्सी. हाये. जयभीम!" चौथीत शाळा सुटलेला माणूस. पाटी रोज सकाळी फडक्याने पुसतो. आज हसू आलं नाही. पास झाले नाही तर त्यांच्याकडे बघायचं कसं?

८ एप्रिल
घरी सांगितलं, जळगाव जामोदला आईकडे जाते, तिला बरं नाही. आई ठणठणीत! फोन करून मीच आजारी पाडलं.
देवानंद म्हणाले, "जाय ना. मलेही उद्या खामगावले कंपनीची मीटिंग हाये." सुटले! म्हणजे बसमध्ये बसवून द्यायला येणार नाहीत.

९ एप्रिल
मलकापूर. खोली नंबर सात. माझ्या पुढच्या बाकावर, हातात हॉल तिकीट घेऊन — देवानंद!
त्यांनी मागे वळून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "किती विषय?"
"एक. तुमचे?"
"तीन."