पहिल्या ओळीतलं ‘मजेत’

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. पहिल्याच ओळीत ‘मी मजेत आहे’ असं लिहिलंयस. काल तुझ्या बायकोचा फोन आला नसता तर मला ते खरंही वाटलं असतं.

इकडे शाळेच्या गणवेशांचं काम एकदाचं संपलं. काजं करणारी बाई कामावर परत आली. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला. झाली खबरबात. आता सांग, पंपांच्या वायसरच्या डब्यात तुझ्या हार्टच्या सव्वीस गोळ्या काय करत होत्या?

गिऱ्हाईक पंप घेऊन दारात उभं आणि तू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला, म्हणून तुझ्या बायकोला तो डबा उघडावा लागला. रोजच असा पडतोस म्हणे. पुढ्यातलं ताट तसंच निवतं. तिनं गोळ्यांचं विचारलं तर तिच्याच अंगावर ओरडलास, या गोळ्यांनीच माझं मन मेलंय म्हणून.

शहाण्या, हे डॉक्टरांनी सांगितलं की तुझं तूच ठरवलंस? त्यांना विचारलं नाहीस, कारण विचारायला गेला असतास तर रडू येतं हेही सांगावं लागलं असतं. छातीत दुखलं तेव्हा गल्ली गोळा केलीस. आता तोंडाला कुलूप. आणि भेटायला येणारे एकजात सगळे तेच सांगून जातात, मनाला लावून घेऊ नकोस. जसं काही आपण हौसेनं लावून घेतो.

माझा संताप होतोय, पण तो सगळा तुझ्यावर नाही.

माझा हार्टचा दुसरा झटका आठवतो? मी गोळ्या ‘विसरले’ होते. तू माझ्या खाटेशी बसून म्हणालास, ‘ताईला दोनशे पोरांची मापं पाठ आहेत, स्वतःच्या गोळ्या तेवढ्या आठवत नाहीत.’ सगळे हसले. मीही हसले.

मी विसरले नव्हते. अकरा दिवस रोज सकाळी गोळ्या हातात घ्यायचे आणि मोरीत टाकायचे. मला सगळंच नकोसं झालं होतं. त्याच अकरा दिवसांत मी तुला पत्र लिहिलं होतं, काढून बघ. पहिली ओळ काय आहे? ‘आम्ही मजेत.’ थापा मारायला तू माझ्याकडूनच शिकलास, आणि चीड येते ती याचीच.

पुढे डॉक्टरीणबाईंना मी एकदा खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. म्हणाल्या, हार्टच्या पेशंटांमध्ये हे खूप दिसतं, लोक सांगत नाहीत एवढंच. रक्ताच्या नळ्यांच्या आत जी सूज असते, तशीच सूज मनालाही खाली ओढत असावी असं आता म्हणतात; पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही. एखाद्या गोळीनं थकवा येऊ शकतो. ती बदलता येते, कमी करता येते, पण ते डॉक्टरांनी. आपल्या मनानं एकदम बंद केली तर जिवावर बेततं. माझ्या बेतलंच होतं.

त्यांनी मनासाठी वेगळं औषध दिलं, बोलायला एक बाई गाठून दिल्या. लगेच काही झालं नाही. कितीतरी महिन्यांनी एकदा निळं कापड बेतताना वाटलं, रंग छान आहे. तेवढंच.

गिऱ्हाइकानं घरच्या घरी पंप उघडला की तू किती शिव्या घालतोस? त्या सगळ्या आज तुला.

फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र भाऊजींच्या हाती पाठवतेय. डॉक्टरांची वेळ तुझ्या बायकोनं घेतलीय. तो डबा वायसरसकट उचल, दोघांबरोबर जा आणि किती दिवस गोळ्या घेतल्या नाहीस ते खरं सांग. रडू आलं तर तिथंच रड. तू पायात चपला घालेपर्यंत भाऊजी उंबऱ्यावरून हलणार नाहीत.

पाकीट त्यांनी फोडलेलं नसेल. वाचून झालं की पत्र त्यांना दे. मोरीचं त्यांना माहीत नाही. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवतोय, पण मला ते तोंडानं सांगवलं नाही.

तुझी,
तेव्हा मजेत नसलेली
ताई