ऑगस्टमध्ये पाहिलेलं घर

अहो,

त्या सकाळी इथे तमिळ मुलखात, अड्यारच्या भाड्याच्या घरात मी तांदूळ निवडत होते आणि तुम्ही खिडकीशी दाढी करत होतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून म्हणालात, "आजच ते घर बघून येऊ. ऐन पावसाळ्यात जी जागा कोरडी, ती कायमची कोरडी!" केवढे खूश होतात स्वतःच्या हुशारीवर! ऑगस्ट होता. तिथल्या अंगणात टाच आपटलीत, धूळ उडाली, आणि आपण घर घेतलं.

आज लिहितेय, कारण ते घर मी विकायला काढलंय.

नोव्हेंबरात गुडघाभर पाणी आत आलं. गाद्या टेबलावर, आपण पलंगावर. आठवतं? शेजारची सेल्वी हसत म्हणाली, "अक्का, ऑगस्टमध्ये कोण घर बघतं? इथला पाऊस दिवाळीचा!"

मग मी लेकीचं भूगोलाचं पुस्तक काढलं. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरचे ओले वारे आत येतात. ते सह्याद्री चढतानाच आपल्या साताऱ्याकडे रिते होतात. इथे पोचेस्तोवर त्यांच्यात फारसं उरत नाही. ऑक्टोबरात जमीन निवते, वारे उलटतात आणि बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन इथे येतात. त्यावरच इथले तलाव भरतात. तो पाऊस चुकला की उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावायचं. म्हणून त्याला नावं ठेवायचं मी सोडून दिलं.

तुम्ही मात्र घर विकणाऱ्याला शेवटपर्यंत दोष देत राहिलात. "सांगायला काय झालं होतं त्याला?" पण आपण तरी विचारलं होतं का हो? आपण गावाकडचा पाऊस डोक्यात घेऊनच इथे आलो होतो.

तुमच्यामागे दोन पावसाळे मी एकटीनं गाद्या चढवल्या. आता गुडघे साथ देत नाहीत. पुण्याला लेकीजवळ छोटी जागा घ्यायची, तर हे विकायलाच हवं.

मागच्या रविवारी सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारं एक जोडपं आलं, मूळचं कोल्हापूरचं. तो थेट अंगणात. "काकू, मुद्दाम ऑगस्टमध्ये आलो. बाबा म्हणतात, घर पावसाळ्यात बघावं. एकदम कोरडं आहे!"

त्याची बायको नेहा म्हणाली, "काकू, यांना स्वयंपाकघर दाखवूच नका. हे अंगणातच राहणार!"

मी हसले. चहा दिला. आणि गप्प बसले. हो, मी! ते घर पसंत करून गेले.

रात्रभर तुमचा तो प्रश्न कानात होता, "सांगायला काय झालं होतं?" या वेळी तो मला होता.

तुम्हाला शब्द देते, आपल्या घराबद्दल कुणाला तसं विचारायची वेळ येऊ देणार नाही. गिऱ्हाईक मिळायला कितीही वेळ लागो.

दुसऱ्या दिवशी मी नेहाला फोन केला, घरात पाणी येतं ते सांगितलं आणि नोव्हेंबरात पुन्हा बघायला या म्हटलं.

तुमची,
सुमन