बाबांचे नवे सिग्नल

रविवार, ७ जून

ठरलं! बाबांच्या टेबलावरच्या खेळण्यातल्या आगगाडीचे सगळे सिग्नल डिजिटल करायचे. आज पुन्हा टेबलाखाली शिरून सुटलेली वायर शोधत बसले, डोकं दाणकन आपटलं आणि तिथेच ठरवलं. माझं वय काय, मी रांगते कुठे!

पूर्वी खाली शिरायचं काम बाबांचं. हल्ली ते खुर्चीतून हलत नाहीत. दर रविवारी मी माहेरी येते, टेबलाच्या या टोकाला सिग्नलची बटणं घेऊन मी, त्या टोकाला गाडीचा वेग धरून ते. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हेच. पण आता दोन फेऱ्या झाल्या की "बास आज". आई ताटं वाढून ओरडायची तरी न उठणारा हा माणूस! नवं काही आलं की रंगेल पुन्हा. मला माझे जुने बाबा परत हवेत, दुसरं काही नको.

आई म्हणाली, "आहे ते चाललंय ना? उगाच खाजवून खरूज कशाला काढतेस?" बाबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे होकारच!

मंगळवार, ९ जून

सामान आणलं. बारीक खांब, त्यावर मोहरीएवढे लाल-हिरवे दिवे. प्रत्येक सिग्नलला एक नंबर. टॅबवर नंबर दाबायचा, की खालच्या डिकोडरला, म्हणजे नंबर ओळखणाऱ्या चिपला, आपलं नाव ऐकू आल्यासारखं होतं आणि दिवा बदलतो. दुकानदार मला "अहो ताई, अहो ताई" करत पाऊण तास शिकवत होता. मी समजलं म्हणाले. समजलं नव्हतं.

शनिवार, १३ जून

जुने सिग्नल काढले. पत्र्याचे लाल हात, खाली तांब्याच्या तारेची गुंडाळी. गाडीला वाट द्यायची तर हात खटॅक करून पडायचा, अडवायची तर टक करून वर. टाइपरायटर दुरुस्त करता करता उरलेल्या पट्ट्यांतून बाबांनी स्वतः घडवलेले. कुठल्या कळीचा खिळा ढिला आहे, हे बाबा नुसत्या आवाजावरून सांगायचे!

आणि तो खेळ! गल्लीतली सगळी पोरं जमवून बाबा टेबलाकडे पाठ करून उभे राहायचे, तोंड भिंतीकडे. मी सिग्नल पाडायचे, उचलायचे. बाबा चाकांच्या आवाजावरून गाडी कुठे आहे ते ओळखायचे आणि टक ऐकू आलं की बरोबर सिग्नलच्या अलीकडे थांबवायचे. एकदाही चुकले नाहीत. पोरं म्हणायची, तुझ्या बाबांना पाठीला डोळे आहेत. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरायचे.

हात बिस्किटाच्या डब्यात ठेवले. बाबांनी एक मागून घेतला, बराच वेळ बोटं फिरवत बसले. "टाकू नकोस हं."

टाकते कसली!

रविवार, १४ जून

डोक्याला नुसता ताप! पाच दाबलं तर एक नंबरचा दिवा बदलतो, सहा दाबलं तर दोनचा. एक दाबलं तर कुणीच हलत नाही. सगळे जावयासारखे रुसून बसलेत.

सकाळची गंमत. पहिला खांब बसवला तर बाबा खुर्चीतून, "वा! काय झक्क लाल आहे!" म्हटलं, बाबा, अजून वीजच दिलेली नाही! "नाही, म्हणजे असणार, असं म्हणतोय." हसून हसून पोट दुखलं. आई मात्र हसली नाही. हिला या सिग्नलांचा एवढा राग का?

सोमवार, १५ जून

दुकानदाराला फोन केला. "अहो ताई, तुमच्या टॅबची मोजणी चारने पुढे आहे. बाकी सगळं बरोबर." एक ओळ बदलली, झालं! मी सुटीचा अख्खा रविवार घालवला.

रविवार, २१ जून

लिहायची इच्छा नाही.

सगळं लागलं होतं. आवाज नाही, वायरी नाहीत. एवढंसं बोट लावलं की लाल, बोट लावलं की हिरवा. काय देखणं दिसत होतं! मी लाल दिला. बाबा सुसाट निघाले. मी म्हटलं, बाबा, लाल! तोवर पुढच्या मालगाडीवर धडकले आणि हिरवं इंजिन थेट फरशीवर. आम्ही दोघांनी रंगवलेलं. मी दहा वर्षांची होते, नाकालाही रंग लागला होता.

मी ओरडले. "लक्ष कुठे असतं तुमचं? मी एवढं राब राब राबले!" बाबा गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसून राहिले. "चुकलं गं." आई दारातून म्हणाली, "सांगत होते ना, आहे ते राहू दे म्हणून!"

चहा न घेता निघाले. रस्त्यात रडले.

बुधवार, २४ जून

आईचा फोन. बाबा म्हणतात, टेबल कुणा पोराटोराला देऊन टाका. आता जमत नाही.

माझ्याच हातांनी मी त्यांचा खेळ मोडला.

शुक्रवार, २६ जून

दुकानदार म्हणाला, "जुन्या गुंडाळ्या नव्या डिकोडरवर चालतील की!" मग टॅब राहू दे, पत्र्याचे हात परत लावते. आवडले तर आवडले. नाहीतर टेबल माझ्या घरी नेईन, कुणाला देणार नाही.

रविवार, २८ जून

पहिला हात बसवला, स्टेशनात शिरतानाच्या 'होम' सिग्नलचा, आणि टॅबवर बोट ठेवलं. खटॅक! बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज — "होम पडला!" भिंतीला हात लावत लावत आले, खुर्ची चाचपून बसले. चेहरा किती उजळलेला!

गाडी निघाली. मी एक शब्द न बोलता हात वर केला. टक. बाबांनी गाडी सिग्नलच्या बरोबर अलीकडे उभी केली. या वेळी पाठ नव्हती केलेली, तोंड टेबलाकडेच होतं. नजर मात्र वर, भिंतीवर. मी त्यांच्या डोळ्यांसमोर पंजा हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

आई दारात उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"काय गं, किती वेळ अडवतेस?" बाबा म्हणाले.

मी सिग्नल पाडला.